निवटी

ओहोटी साडेचारची.
पेझारकर आधीच येऊन बसलेले
ऐरोलीच्या जेट्टीवर, गुडघ्यावर रुमाल पसरून,
रुमालात खारे शेंगदाणे, त्यातले अर्धे माझे.

चिखल हळूहळू उघडा पडत होता.
तिवरांनी मुळांची बोटं वर काढली होती श्वासासाठी,
आणि एक निवटी,
जिला धड पाण्यात करमत नाही, धड बाहेर,
छातीच्या परांवर अंग रेटत वर आली.

"आला माझा साक्षीदार," मी म्हटलं.
"तुमचा? मला तर कारागिराची सही दिसते."

चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
त्यांनी सुटे भाग तपासले.
दहा मायक्रॉन इकडेतिकडे, की माल परत.
"मढवीबाई, नापास केलेला एक तुकडा
पेटीत पडल्या पडल्या सुधारलेला
मी तरी पाहिला नाही."

त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर जगाचं वय छापलेलं असतं,
पाच हजार सातशे आणि वर काही.
माझी शून्यं बोटांवर मावत नाहीत.

जिभेवर आलंच होतं:
अहो, तुमच्या तुकड्यांना पिल्लं कुठे होतात?
आणि माल परत पाठवणं,
तेच तर ही खाडी करत आलीय इतकी वर्षं!
पण आमच्यात ठरलंय.
उत्तराआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं,
असं, की तो म्हणेल, हो, हेच.
पहिलं वर्षभर मला एकदाही जमलं नाही.
मी मांडायचे सगळं नीट, क्रमानं,
आणि ते शेंगदाण्याचं साल फुंकत म्हणायचे,
"शब्द बरोबर. चेहरा चुकला. परत."

आज काय झालं कोण जाणे,
त्यांचा मुद्दा मांडता मांडता मध्येच थांबले
आणि भलतंच सांगू लागले.

कळव्याची शाळा. नववी ब.
वनिता भोईर उठून म्हणाली,
"बाई, आमच्याकडे सांगतात, गावदेवीनं घडवलं."
मी खडू खाली ठेवला.
"मग पेपरही गावदेवीकडूनच तपासून घे."
वर्ग हसला. भरपूर हसला.
मागे बसलेल्या मुख्याध्यापकांनी वहीत शेरा लिहिला,
'पाठ रंजक.'
त्याच पौर्णिमेला मी आईबरोबर
खाडीला नारळ दिला होता,
ते वर्गाला ठाऊक नव्हतं.

परीक्षेत वनितानं उत्क्रांती लिहिली,
पुस्तकातली, स्वल्पविरामासकट.
मी पाचपैकी पाच दिले.
तिचा हात मात्र दहावीपर्यंत
बाकावरच राहिला.

पेझारकर काही बोलले नाहीत.
दोन दाणे सोलले, एक माझ्या बाजूला सारला.
मग म्हणाले, "मांडा."
"काय?"
"तिचं म्हणणं. नियम तोच."

मी सुरुवात केली.
तिचं म्हणणं होतं, की गावदेवीनं
आणि पुढे?
मातीतून? की खाडीतून?
माणूसच फक्त, की ही निवटीसुद्धा?
कुणी सांगितलं होतं तिला, आजीनं की भगतानं,
आणि तिला स्वतःला ते पटलं होतं,
की नुसतंच विचारून बघत होती?

सत्तावीस वर्षं झाली.
त्या पोरीचं मला एकच वाक्य माहीत आहे.
दुसरं मी येऊच दिलं नाही.

खाली निवटीनं डोळे आत ओढले,
पुन्हा बाहेर काढले,
आणि बिळाच्या तोंडाशी बसून राहिली,
ना आत, ना बाहेर.

पेझारकरांनी रुमाल झटकला.
शुक्रवार होता, सूर्य कलायच्या आत
त्यांना घरी दिवे लावायचे असतात.
उद्या वाद बंद.
"रविवारी ओहोटी कितीला?"
"सव्वासहाला."
"अंधारेल."
"बॅटरी आणते."

चार पावलं जाऊन ते वळले.
"पिल्लांचं काहीतरी होतं ना तुमच्या मनात?
मघाशी, मी तुकड्यांचं म्हटलं तेव्हा.
ओठ हलले होते."
"होतं."
"मग रविवारी ते मी मांडतो. तुमच्या बाजूनं.
चेहरा तपासा."